खुर्चीत अंडी, मांडीवर नातू

पिशोर

पिशोरहून संभाजीनगरला जायला एसटी आहे, काळीपिवळी जीप आहे, आणि कुणाला दया आली तर त्याची गाडी आहे. मी आजवर पहिल्या दोन्हींनी गेले. यंदा पहिल्यांदाच घरच्या गाडीनं गेले, तेही मानानं. म्हणजे मागच्या सीटवर, पायाखाली ज्वारीचं पोतं आणि मांडीवर पापडाचा डबा घेऊन. ज्या बायकांनी असा प्रवास केला नाही त्यांना तो सांगावा असं फार वाटतं, पण चार माणसांत माझा आवाज घशातच बसतो. चौथीपर्यंत शिकलेलं तेवढं कागदावर उतरतं, म्हणून लिहून ठेवते.

जायचं कारण असं. माझी मुलगी सुजाता पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. नातू सम्यक पाच महिन्यांचा झाला, आता त्याला त्याच्या घरी पोचवायचं होतं. आमच्यात सासरची माणसं न्यायला येतात आणि मुलीची आई पोचवायला बरोबर जाते. जावई अमोल वाळूजला कंपनीत आहे, त्याला सुट्टी मिळाली नाही. त्यानं गाडी दिली, गाडीबरोबर आपली आई दिली, आणि चालवायला काका दिले. काका सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. आता घरातल्या माणसांनाच रांगेत उभं करतात.

अमोलनं आणखी एक वस्तू पाठवली होती. बाळाची खुर्ची. गाडीच्या मागच्या सीटला पक्की बांधायची, आत मऊ गादी, बाळाच्या दोन्ही खांद्यांवरून आणि पायांमधून येणारे पट्टे. त्यांच्या कंपनीत साहेबांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं म्हणे, की लहान पोराला गाडीत बांधूनच न्यायचं, आता तसा कायदाच आहे. अमोलनं आदल्या दिवशी मला फोन केला. "मामी, सम्यकला खुर्चीतच बसवा. कुणी काही म्हणलं तरी." मी म्हटलं, व्हय. फोनवर 'व्हय' म्हणायला मला जमतं.

विहीणबाई दारात उतरल्या. जयभीम झाला, चहा झाला, पोहे झाले. त्या शहरातल्या महिला मंडळात आहेत, अंधश्रद्धेवर चांगलं बोलतात. एकदा मी ऐकलंय, बाया टाळ्या वाजवत होत्या. काकांनी खुर्ची मागच्या सीटला बांधून दाखवली. विहीणबाईंनी ती वाकून बघितली आणि विचारलं, "तोंड कुनीकडं येतं ह्यात बाळाचं?"

"मागं," सुजाता म्हणाली. "लहान बाळाचं मागंच ठेवायचं असतं, आत्या. ब्रेक लागला तर मानेला झटका बसत नाय."

"म्हंजे पहिल्यांदा घरी निघालेलं पोर घराकडं पाठ करून बसनार? आजोळाकडं तोंड करून?" विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आमच्यात नाय चालत असलं. नातू आजीच्या मांडीवर, पुढच्या सीटवर, समोर बघत जाईल. चांगलं दिसतं का ते?"

मी अंधश्रद्धेच्या भाषणाची आठवण काढली. मनातल्या मनात.

सुजाता माझ्याकडं बघत होती. तिचे वडील गोठ्यात गेले होते, म्हशीला अगदी त्याच वेळी त्यांची गरज पडली. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आणखी पोहे देऊ का?"

मुलीच्या आईनं विहिणीपुढं किती बोलायचं याचा कायदा कुठं छापलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. बेल्टच्या कायद्याचं मात्र सगळं छापलेलं आहे.

आता राहिली अंडी. जावयाला गावरान अंडी आवडतात म्हणून मी महिनाभर साठवली होती. रंगाच्या रिकाम्या डब्यात गव्हाचा कोंडा घालून एकावर एक रचली होती. डिकी ज्वारीचं दुसरं पोतं, पाळणा आणि बाळंतविड्यानं भरलेली. काकांनी डबा बघून नाक मुरडलं.

"ताई, हे कुठं ठेवायचं? सीट कव्हर नवीन आहे. एक अंडं फुटलं तर वास जन्मभर जायचा नाय."

कव्हर त्यांनीच पुतण्याला भेट दिलं होतं. लाल रंगाचं, सोनेरी दोऱ्याची फुलं असलेलं. काका डबा घेऊन गाडीभोवती फिरले, आणि त्यांची नजर रिकाम्या खुर्चीवर पडली. त्यांचा चेहराच उजळला. त्यांनी डबा खुर्चीत बसवला, दोन्ही बाजूंचे पट्टे खांद्यावरून आणावेत तसे आणले, मधला पट्टा खालून घेतला, टक्कन खिट्टी लावली, पट्टा ओढून ताठ केला आणि डबा हलवून बघितला. हलला नाही.

"आता कुठं जाती अंडी?" काका म्हणाले.

त्यांचं काम खरंच व्यवस्थित होतं. वाईट एवढंच की माझा नातू पुढं आजीच्या मांडीवर उड्या मारत होता.

भराडीचा रस्ता

गाडी सुरू झाल्याबरोबर टिंग टिंग वाजायला लागली. मला वाटलं काही बिघडलं. काका हसले.

"बेल्ट लावा म्हनती. बाईमानूस आहे ना गाडी, कटकट करती."

त्यांनी खणातून एक चपटी लोखंडी पट्टी काढली. बेल्टच्या टोकाला असते तशीच, पण मागं बेल्टच नाही. ती खाचेत खुपसली. टिंग टिंग बंद. गाडीला वाटलं, साहेबांनी बेल्ट लावला. विहीणबाईंच्या बाजूचा बेल्ट त्यांनी आधीच खाचेत लावून सीटच्या पाठीमागून नेला होता, आणि त्या त्याला टेकून आरामात बसल्या होत्या. बेल्ट लागलेला, बाई मोकळी.

मी सुजाताला हळूच विचारलं, "आपल्याला हाय का?"

"मागं पन हाय, आई," ती म्हणाली आणि सीटवर हात फिरवला. "पन कव्हरखाली गेलाय."

काकांचे कान तिखट. "कव्हर कापायचं नाय हां, सूनबाई! मागं कोन बघतंय? मागच्याला पन लावा म्हनतेत आता, पन ते सगळं वरच्यांचं चालायचंच."

म्हणजे एका गाडीत आम्ही चार मोठी माणसं आणि एक बाळ. बेल्ट सगळ्यांना होते आणि लावला होता एकट्या अंड्यांनी.

रस्ता मात्र सुंदर होता. मक्याची तोडणी चालू होती, दोन्ही बाजूंना कणसांचे पिवळे ढीग, आणि त्यांच्यावर बसून बाया भाकरी खात होत्या. एसटीतून हे दिसतं तेव्हा समोरच्याची काख मध्ये असते. गाडीतून सगळं उघडं दिसतं. मी खिडकीशी बसले होते आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. विहीणबाई सम्यकला समोरच्या काचेवर दोन्ही हात टेकवून उभा करत होत्या. "बघ माज्या राजा, टॅक्टर बघ! म्हस बघ!" काका डाव्या हातानं त्याचा गालगुच्चा घेत होते.

सुजाता पुढं वाकून म्हणाली, "आत्या, जरा मागं घ्या ना त्याला."

"आगं, चार लेकरं मोठी केली मी. एकाला तरी बांधलं का खुर्चीत?"

भराडीच्या अलीकडं डाव्या हाताच्या शेतातून मक्याची ट्रॉली एकदम रस्त्यावर आली. ट्रॉलीवाल्यानं बघितलं नाही, आणि आमचे काका त्या वेळी गालगुच्चा घेत होते. काकांनी ब्रेक मारला. माझं डोकं पुढच्या सीटवर आपटलं, पापडाचा डबा सुटून पायाशी गेला. काकांची छाती स्टेरिंगवर आदळली आणि हॉर्न वाजतच राहिला. त्या हॉर्नच्या आवाजातही मला 'टक्' असा एक आवाज ऐकू आला. आंबा दगडावर पडतो तसा.

मग सम्यक रडायच्या आधीचं ते थांबणं. तोंड उघडं, आवाज नाही. सुजाता किंचाळली. मग तो रडला, आणि त्याचं रडणं मला आयुष्यात एवढं गोड कधी लागलं नव्हतं.

कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, बघता बघता टेंगूळ आलं. लिंबाएवढं. "माझ्या हातातून सुटला नाय तो," विहीणबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मी सोडलं नाय त्याला. मी धरलंच होतं."

खरं होतं ते. त्यांनी सोडलं नव्हतं. दोघं मिळूनच पुढं गेले होते.

ट्रॉलीवाला खाली उतरला, काकांनी त्याला दोन शिव्या दिल्या, त्यानं तीन दिल्या. मग काकांनी मागं वळून पहिलं काय केलं असेल? खुर्चीतल्या डब्याचं झाकण उघडलं. कोंड्यात बोटं घालून वरची अंडी चाचपली, मग खालची.

"वैनी!" ते ओरडले. "एक फुटलं नाय! एक पन नाय!"

सिल्लोड

सिल्लोडला पहिल्या चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्या चाचांनी बाळाकडं बघितलं आणि विचारायच्या आधीच बर्फाच्या लादीचा तुकडा फडक्यात बांधून दिला.

"लगाओ अम्मा, पन सीधा नको लावू, कपड्यातूनच. रो रहा है ना? रोने दो. रोता है वो अच्छा. चुप हुआ तो डरने का."

चाचांनी सांगितलं तसं मी फडकं बाळाच्या कपाळाला धरलं. सुजाता दूध पाजायला बसली. विहीणबाईंनी चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि जरा सावरल्या. काका टपरीवरच्या माणसांना अंड्यांची गोष्ट सांगत होते.

"अशी चेपली होती पट्ट्यात! एवढा ब्रेक लागला, आमच्या डोळ्यापुढं काजवे, अन् अंडं एक फुटलं नाय. विलायती खुर्ची ती. खरंच चांगली वस्तू."

"खरंच चांगली," विहीणबाई म्हणाल्या. "अंड्याला लई सोयीची. दूध, दही, काय पन नेता येईल तीत."

टपरीवरची माणसं माना हलवत होती. एकानं किंमत विचारली. त्याचा कुक्कुटपालनाचा धंदा होता.

मग रस्त्यापलीकडच्या डॉक्टरकडं गेलो. लहान दवाखाना, बाहेर बाकावर बायका. डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितलं, मान बघितली, हात-पाय हलवून बघितले. म्हणाले, वरवरचं आहे, घाबरू नका, पण आज-उद्या लक्ष ठेवा, उलटी झाली किंवा जास्त झोपू लागला तर लगेच आणा.

"कसं लागलं?" त्यांनी विचारलं.

सुजातानं तोंड उघडलं. विहीणबाई आधी बोलल्या.

"पाळन्यातून पडला."

"पाळण्यातून? कुणाकडं?"

"आजोळी," विहीणबाई म्हणाल्या. "नीट बांधला नव्हता पाळना."

माझ्या सासूबाईंनी ज्या पाळण्यात माझ्या नवऱ्याला झोपवलं, मी ज्यात सुजाताला झोपवलं, ज्याच्या दोऱ्या मी दर आठ दिवसांनी बदलत होते, तो पाळणा त्या वेळी गाडीच्या डिकीत होता. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. म्हाताऱ्या बाईकडं बघतात तसं, रागानं नाही, कीव करून. "आजी, लक्ष ठेवत जा," असं म्हणाले. मी मान खाली घालून 'व्हय' म्हणाले.

बाहेर आल्यावर सुजाता मला मागं टाकून गाडीकडं चालू लागली. तिला विहीणबाईंचा राग होता की माझा, हे मला कळत होतं. माझाच होता.

गाडीपाशी विहीणबाईंनी पुढचं दार उघडलं आणि बाळासाठी हात पुढं केले. सुजातानं बाळ छातीशी घट्ट धरलं. दोघी अशा उभ्या. काका घड्याळ बघत होते. मी मागचं दार उघडलं. खिट्टी कशी लागते ते मी काकांचं बघून ठेवलं होतं, सोडवायची कशी ते माहीत नव्हतं, पण लाल बटण एकच होतं. ते दाबलं. पट्टे सुटले. मी अंड्यांचा डबा उचलला, विहीणबाईंच्या पुढं केलेल्या हातांत ठेवला, आणि सुजाताकडं वळून म्हणाले, "दे त्याला."

"आं?" विहीणबाई म्हणाल्या. "विहीनबाई, अंडी मांडीवर? फुटली तर?"

"फुटू द्या," मी म्हणाले.

एवढंच. दोन शब्द. पण मी ते जोरात बोलले असणार, कारण टपरीवाल्या चाचांनी रस्त्यापलीकडून मान वर केली. सुजातानं सम्यकला खुर्चीत बसवलं. तिनं पट्टे ओढले आणि मी तिच्या हातांवर हात ठेवून खिट्टी लावली. टक्क.

फुलंब्री, हर्सूल

सम्यक मागं तोंड करून, म्हणजे आमच्याकडं तोंड करून बसला होता, अंगठा चोखत. घराकडं पाठ होती त्याची. त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. थोड्या वेळानं झोपला. दर थोड्या वेळानं सुजाता त्याला चिमटा काढून उठवायची, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. तो चिडायचा आणि परत झोपायचा.

पुढं विहीणबाई डबा दोन्ही हातांनी कवटाळून बसल्या होत्या. गाडी गतिरोधकावर चढली की डबा वर उचलायच्या, उतरली की खाली घ्यायच्या. एवढ्या जपून त्यांनी नातवालाही धरलं नव्हतं. "भाऊजी, हळू," "भाऊजी, खड्डा," असं सारखं चाललं होतं. अंडी मांडीवर आल्यापासून काका जन्मात चालवली नसेल एवढी नीट गाडी चालवत होते.

हर्सूलच्या पुढं पोलीस उभे दिसले. काकांनी झटक्यात बेल्ट ओढून खांद्यावरून आडवा घेतला आणि टोक मांडीखाली दाबलं. खाचेत ती पट्टी बसलेली होतीच. पोलीस खिडकीशी आला. त्याची मोटारसायकल बाजूला होती आणि हेल्मेट आरशाला टांगलेलं होतं.

"बेल्ट लावलाय ना काका?"

"हे काय साहेब."

पोलिसानं मागं वाकून बघितलं आणि त्याला खुर्ची दिसली. "आयला! बाळाला सेपरेट खुर्ची! भारी भारी गाड्यांत पन कुनी बसवत नाय असं."

"नियम म्हंजे नियम, साहेब," काका म्हणाले. "आमच्या घरात पहिल्यापासून तसंच आहे. कुनी बघो न बघो."

"शाब्बास. आन् मावशी, डब्यात काय?"

"अंडी," विहीणबाई म्हणाल्या.

"गावरान का? मग सांभाळून न्या."

पोलीस मागं झाला की काकांनी बेल्ट सोडला. तो सर्रकन जागेवर गेला, जणू त्यालाही सुटका हवी होती.

शहर

घरी भाकरतुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं. शेजारणी जमल्या. टेंगूळ बघून प्रत्येकीनं विचारलं आणि प्रत्येकीला पाळण्याची गोष्ट मिळाली. पाळणा तिथंच भिंतीशी उभा होता, काही न बोलता. मीही तशीच उभी होते.

गोष्ट मोडली ती काकांनी. रात्री जेवताना त्यांना शौर्य चढलं. "अमोल, तुला सांगतो, ट्रॉली अशी आडवी आली! दुसरा कुनी असता तर खाली गेला असता. मी काय ब्रेक मारला! इंचावर उभी केली गाडी. तेवढ्यात पोराचं डोकं जरा लागलं म्हना, पन—"

विहीणबाईंनी आमटीची वाटी ताटात आपटली. काका 'पन' वर थांबले.

अमोल गरीब पोरगा आहे, आवाज चढवत नाही. त्यानं हात धुतला, आतून मोठी कात्री आणली आणि खाली गाडीपाशी गेला. आम्ही सगळे गॅलरीत आलो. मागच्या सीटचं लाल कव्हर त्यानं जिथं जिथं खिट्ट्या दबल्या होत्या तिथं कापलं. सोनेरी फुलं दोन भागांत झाली.

"आरे!" काका वरून ओरडले. "नवं कव्हर!"

"काका, कव्हरला टेंगूळ येत नाय," अमोल म्हणाला.

मग तो वर येऊन आईसमोर बसला. विहीणबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. "सिल्लोडपासून इथवर अंडी मांडीवरच आनली ना मी? मोजून घे. एक फुटलं नाय. मांडीवर काय होतं रे? तुझी खुर्ची अंड्याला चांगली, मांडी पन अंड्याला चांगली. मग लेकराला का नाय?"

अंडी खरंच फुटली नव्हती. पण अमोलनं एवढं म्हटलं, की सम्यक त्या खुर्चीशिवाय ह्या गाडीत बसणार नाही, आणि बसला तर गाडी विकून टाकीन. गाडीचं नाव निघाल्यावर काकाही गंभीर झाले.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई मला साडी घ्यायला औरंगपुऱ्यात घेऊन गेल्या. पाळण्याबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही, पण साडी जरा चांगली घेतली. रिक्षातून गेलो, मी, त्या, सुजाता आणि माझ्या मांडीवर सम्यक. रिक्षेला दार नाही, बेल्ट तर नाहीच. माझा एक हात दांडीला आणि एक बाळाभोवती. रिक्षावाला वळणावर गाणं म्हणत होता. आपल्याकडं कायदा चारचाकीतून फिरतो, तीनचाकीत त्याला परवडत नसावं.

साडीच्या दुकानाशेजारी गाडीच्या सामानाचं दुकान होतं. काऊंटरवर त्या चपट्या पट्ट्या ताटलीत ढीग करून ठेवलेल्या, कानातल्या झुमक्यांसारख्या. चांदीच्या रंगाच्या, सोन्याच्या, काहींवर वाघाचं तोंड. सुजातानं विचारलं, हे कशाला लागतं?

"टिंग टिंग बंद करने का, दीदी. बेल्ट लावायची गरज नाय."

"आन् लहान मुलांची खुर्ची आहे का?"

"वो मंगाना पडता. उसको गिऱ्हाईक नहीं."

पट्ट्यांची ताटली मात्र अर्धी झाली होती.

परत

परत येताना मी काळीपिवळीनं आले. अमोल गाडीनं सोडतो म्हणाला, पण त्याची ड्यूटी होती. काका सोडतो म्हणाले, मी जीपला बसले. जीपमध्ये आपण बारा जण बसतो आणि तेरावा मागं पायरीवर लोंबकळतो. तिथं बेल्टची गरज नाही, सगळी माणसं एकमेकांत इतकी घट्ट अडकलेली असतात की ब्रेक लागला तरी कुणी एकटं पुढं जात नाही, अख्खी जीपच जाते. शेजारच्या बाईचं पोर माझ्या गुडघ्यांमध्ये उभं होतं. मी त्याच्या पोटावर दोन्ही हात धरले आणि पिशोर येईपर्यंत सोडले नाहीत. त्याची आई म्हणाली, "सोडा की मावशी, त्याला सवय हाय." मी म्हणाले, "मला नाय."

हुरड्यानंतर

थंडीत विहीणबाई, काका, सुजाता आणि सम्यक हुरडा खायला आले. अमोलला तेव्हाही सुट्टी नव्हती. सम्यकचं टेंगूळ कधीच गेलं होतं, तो आता बसायला लागला होता. शेतात आगटीजवळ बसून विहीणबाईंनी हुरडा खाल्ला, वांग्याचं भरीत खाल्लं, आणि निघताना म्हणाल्या, "अंडी द्या बरं विहीनबाई. आन् खुर्चीबिर्ची लागत नाय. मांडीवर नेते. मागं दाखवलंच होतं मी."

मी डबा भरला. कोंडा नेहमीसारखाच दाबून घातला. सुजातानं सम्यकला खुर्चीत बांधलं, अमोलच्या धाकानं कुणी काही बोललं नाही. विहीणबाई डबा घेऊन पुढं बसल्या, बेल्ट पाठीमागं. काकांनी पट्टी खाचेत घातली. धूळ उडवत गेले.

दिवेलागणीला सुजाताचा फोन आला. हसत होती की रडत होती कळेना.

"आई, भराडीजवळ शेळ्या आल्या गं आडव्या. तिथंच, मागच्या जागी. काकांनी ब्रेक मारला."

"सम्यक?"

"झोपला होता. झोपूनच ऱ्हायला. जागा पन झाला नाय, आई."

"मग?"

"डबा उडाला आत्यांच्या हातातून. काचेवर गेला. समदी फुटली. काचेवर, काकांच्या डोक्यावर, आत्यांच्या साडीवर, लाल कव्हरवर. समदी. काका तेव्हापासून अंघोळ करतायत. आत्यांना कुठं लागलं नाय, नुसत्या खुर्चीकडं बघत बसल्यात."

मागून आवाज आला. फोन विहीणबाईंनी घेतला.

"विहीनबाई, ह्यावेळी अंडी नीट बांधली नव्हती तुमी. कोंडा कमी पडला. तुमचंच चुकलं."

पाळण्याचं मी ऐकून घेतलं होतं तेव्हा चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

"व्हय विहीनबाई," मी म्हणाले. "माझंच चुकलं."

फोन ठेवला, खुराड्यापाशी गेले आणि कोंबड्यांना दोन मुठी ज्वारी जास्त टाकली.